साखरेच्या थरावरचा स्लॅब

तालीम : करवीर तालुका, रविवार

आमच्या गुलमर्गच्या स्कीइंगच्या स्वारीची पहिली तालीम करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर झाली. चुलवाणाशेजारी वाळत घातलेल्या चिपाडांचा पुरुषभर उंच ढीग होता. मेहुण्यानं पोत्यात गुंडाळलेला बीकन त्यात कुठंतरी खोल पुरला आणि आम्ही बाकीचे तिघं पन्नास पावलांवरून पळत सुटलो.

बीकन हे छातीला बांधायचं हाताएवढं यंत्र. ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडत असतं. कुणी बर्फाखाली गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापली यंत्रं शोधावर लावायची आणि पडद्यावरचा बाण नि मीटरचा आकडा बघत जवळ जायचं. आकडा तीनच्या खाली आला की यंत्र अगदी बर्फालगत धरायचं, आडवं-उभं फिरवायचं, सगळ्यात लहान आकडा मिळेल तिथं प्रोबची काठी खुपसायची. काही लागलं नाही तर तिथूनच गोल-गोल, पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर खुपसत बाहेर यायचं. काठी माणसाला लागली की ती तशीच ठेवून उताराच्या खालच्या अंगानं खणायला लागायचं.

पहिल्या खेपेला आम्हाला अकरा मिनिटं लागली. काहिलीजवळ उभा असलेला गुळव्या सगळं बघत होता. त्यानं विचारलं, "एवढ्या वेळात मानूस ऱ्हातोय व्हय?"

आमच्या गटातल्या डॉक्टर भूलतज्ज्ञ आहेत, श्वास हा त्यांचा रोजचा विषय. त्यांनी त्याला खरं तेच सांगितलं. बर्फाखाली गाडलेली माणसं बहुतेक वेळा गुदमरून जातात. बर्फात हवा असते, पण आपणच सोडलेली हवा आपल्याच तोंडाशी साठते आणि उच्छ्वासाच्या वाफेनं तोंडासमोर बर्फाची पपडी धरते. पहिल्या दहा मिनिटांत काढलं तर दहातले नऊ वाचतात. अर्धा तास झाला की तीनच उरतात. घसरणारा बर्फ थांबल्याक्षणी असा आवळतो की बोटही हलवता येत नाही, त्यामुळं स्वतःहून बाहेर यायचं विसरायचं. बाहेरून मदत येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. सोबत जी माणसं आहेत, तीच.

चूक भाच्याची निघाली. त्याचा मोबाइल जाकिटाच्या छातीच्या खिशात होता आणि बीकन हातात, दोन्ही एकमेकांना चिकटून. शोधताना दोन्हींत निदान अर्धा मीटर अंतर लागतं, नाहीतर बाण भरकटतो. मोबाइल बंद करून पाठीवरच्या पिशवीत गेला आणि संध्याकाळपर्यंत आम्ही पाच मिनिटांवर आलो. चिपाड हलकं असतं. खरा बर्फ मीटरभर खोल असला तर माणूस काढायला टनभर माल उपसावा लागतो, हे मनात ठेवूनच आम्ही हातपाय धुतले.

आम्ही चौघं. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. मेहुणा बांधकाम ठेकेदार. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आणि आमच्यात सगळ्यात चपळ. चौथ्या डॉक्टर. गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेत आम्ही सुरुवातीचे कोर्स केले होते, नंतरचे तीन हिवाळे तयार उतारांवर घासले होते. यंदा पहिल्यांदाच गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, हद्दीबाहेर, मोकळ्या डोंगरात जायचं ठरलं होतं. गळीत हंगाम ऐन भरात असताना मला आठ दिवसांची रजा मिळाली ती सहकाऱ्यांनी माझ्या पाळ्या उचलल्या म्हणून. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं चौथ्या दिवशी या रजेचं ओझं माझ्या पाठीवर होतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीला काकांच्या पाया पडायला गेलो. काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, कुपवाड्याकडं दोन हिवाळे काढलेले. ते म्हणाले, आम्ही कमरेला लांब लाल दोरी बांधून चालायचो. माणूस गाडला गेला तरी दोरीचं एखादं टोक वर राहावं एवढीच आशा. धोक्याचा नाळा एका वेळी एकानंच ओलांडायचा, बाकीच्यांनी त्याच्यावरची नजर हलवायची नाही. २०१६ मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गेले, त्यात साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक होता. काकांनी ते काढलं आणि पुढं काही बोलले नाहीत. काकूंनी भडंगाची पिशवी हातात दिली.

दिवस पहिला : कोल्हापूर ते गुलमर्ग

रात्रीच्या बसनं पुणं, पहाटे विमान, दिल्लीत बदल, दुपारी श्रीनगर. टंगमर्गला टॅक्सी बदलली, चाकांना साखळ्या बांधलेली गाडी घेतली. शेवटचे तेरा किलोमीटर देवदारांच्या मधून, खिडकीतून फक्त पांढरं. आदल्या दोन रात्रींत मिळून पस्तीस सेंटिमीटर नवा बर्फ पडला होता. भाच्याचा चेहरा उजळला होता. हॉटेलात कांगडीभोवती, म्हणजे निखाऱ्यांच्या शेगडीभोवती, बसून जेवलो आणि झोपलो.

दिवस दुसरा : आकडे

आमचा गाइड टंगमर्गचा, पन्नाशीचा. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो. सकाळी चहाआधी त्यांनी वही उघडली. रात्री किती पडला, वारा कुठून आणि किती जोराचा, तापमान चढतंय की उतरतंय, काल कुठं काही सुटलेलं दिसलं का. मग त्या दिवसाचं बुलेटिन. आपल्याकडं हिमस्खलनाचे इशारे चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था देते. १९६९ साली मनालीला सुरू झालेली 'सासे' ही संस्था २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात : कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त, अतितीव्र. त्या दिवशी तिसरी होती.

आम्ही कोल्हापूरची माणसं धोका फुटांत मोजतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडच्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा पंचावन्न फुटांच्या पुढं गेली ती आम्ही डोळ्यांनी बघितली आहे. म्हणून मेहुण्यानं तिसऱ्या पायरीचा सरळ हिशेब मांडला : पाचातले तीन, म्हणजे इशाऱ्याच्या जरा वर, धोक्याच्या खाली.

उस्तादांनी तिथंच थांबवलं. नदी इंचाइंचानं चढते, तुम्हाला सामान माळ्यावर टाकायला वेळ देते. इथं तसं नाही. दोनवरून तीनवर जाताना धोका कितीतरी पटीनं वाढतो, आणि जगभर सगळ्यात जास्त माणसं याच तिसऱ्या पायरीवर जातात. चार आणि पाचला आभाळच इतकं वाईट असतं की कुणी बाहेर पडत नाही. तीनला ऊन असतं, नवा बर्फ असतो, आणि सुटायला फक्त एका माणसाचं वजन कमी पडत असतं. हिमस्खलनात सापडलेल्या दहांपैकी नऊ जणांच्या बाबतीत तो उतार त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यानं सोडवलेला असतो. हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

गोंडोलानं कोंगडोरीचं मधलं स्थानक, तिथून दुसऱ्या टप्प्यानं अफरवट डोंगराच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटर. गोंडोलाखालचा मुख्य भाग स्की पेट्रोलच्या, म्हणजे गस्तपथकाच्या, देखरेखीखाली असतो. त्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं की आपलं आपण. उस्तादांनी हात करून दोन जागा दाखवल्या. खाली खिलनमर्ग, जिथं ८ फेब्रुवारी २०१० ला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे सतरा जवान प्रशिक्षणात असताना गाडले गेले. दुसरी हापतखुडची बाजू, जिथं १ फेब्रुवारी २०२३ ला दोन पोलिश स्कीअर गेले. सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही. ज्यानं अशा जागी फावडं चालवलंय तो माणूस असाच बोलत असावा.

कड्याच्या धारेवरून पांढरा धूर निघत होता. धूर कसला, वारा नैऋत्येकडून येऊन पलीकडचा बर्फ उचलत होता आणि अलीकडच्या, ईशान्येला तोंड असलेल्या उतारावर आणून टाकत होता. आभाळातून पडतो त्याच्या कितीतरी पट वेगानं वारा बर्फ साठवतो. धारेवर त्याचे छज्जे बाहेर आले होते. मेहुणा म्हणाला, "दाजी, खाली टेकू न्हाई, वर बीम न्हाई. ह्याच्याखाली उभं ऱ्हायचं न्हाई एवढं मलाबी कळतंय."

उतार मोजायला क्लिनोमीटर होता, पण मेहुण्याला त्याची गरज पडली नाही. बहुतेक स्लॅब, म्हणजे एकसंध सुटणारे बर्फाचे थर, तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात, सगळ्यात जास्त अडतीसच्या आसपास. मेहुण्यानं त्याचं जिन्यात भाषांतर केलं : सहा इंची रायझर आणि दहा इंची ट्रेड म्हणजे एकतीस अंश, घरोघरी असतो तसा जिना. आठ इंची रायझर आणि दहाचा ट्रेड म्हणजे जवळपास एकोणचाळीस, जुन्या वाड्यातला खडा जिना. म्हणजे ज्या चढणीवर आपण रोज बिनघोर चढतो-उतरतो, तिथूनच बर्फाचा धोका सुरू होतो. चार वर्षं ते अंश वाचत होतो. अंगात उतरले ते या जिन्यामुळं.

आम्हाला जो उतार उतरायचा होता तो याच बाजूला, ईशान्येला तोंड केलेला, छत्तीस अंशांचा. गेल्या हिवाळ्यापासून त्याचा फोटो माझ्या मोबाइलवर आहे.

दिवस तिसरा : खड्डा

स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या. त्यांना स्किन म्हणतात. केस मागं वळलेले असल्यानं स्की पुढं सरकते आणि मागं घसरत नाही. दोन तास चढून एका अशा जागी आलो की उंची, दिशा आणि उतार आमच्या छत्तीस अंशांच्या उताराशी जुळत होते, पण जागा छोटी होती, वर काही नव्हतं आणि सुटलं तरी खाली सपाटी होती. खड्डा खणायचा तर तो आपल्याला जायचंय त्या उतारासारख्याच जागी खणावा लागतो, आणि नेमक्या त्या उताराच्या पोटात उभं राहून खणायचा नसतो.

उस्ताद आणि भाच्यानं फावड्यानं जमिनीपर्यंत खणलं. एकशे पंधरा सेंटिमीटर. सावलीतली भिंत फावड्याच्या पात्यानं तासून गुळगुळीत केली. मग उस्तादांनी कुंचल्यानं ती हलकेच झाडली आणि थर दिसायला लागले. कच्चा बर्फ झडून आत गेला, घट्ट थर कडेसारखे पुढं राहिले. गेल्या तीन महिन्यांचं सगळं हवामान त्या भिंतीत एकावर एक रचलेलं होतं.

कठीणपणा हातानंच बघतात. आख्खी मूठ आत जाते, की चार बोटं, की एक बोट, की फक्त पेन्सिल, की सुरीच. मी वहीत लिहीत गेलो. वरून पस्तीस सेंटिमीटर नवा, वाऱ्यानं दाबलेला : वरच्या भागात मूठ, खाली चार बोटं. त्याखाली अडतीस सेंटिमीटर जुना, बसलेला : एक बोट. मग दोन सेंटिमीटरची पपडी : पेन्सिल. आणि त्या पपडीखाली, जमिनीपर्यंत चाळीस सेंटिमीटर : मूठ. कोपरापर्यंत हात गेला आणि माल माझ्या हातावरून खाली सांडायला लागला.

मी ओंजळ भरून घेतली. साखर. दुसरा शब्दच नाही. दाणा दाण्याला धरत नव्हता, ओंजळीच्या फटींतून गळत होता. उस्तादांनी भिंग दिलं. दाणे तीन-चार मिलिमीटरचे, धारदार कडांचे, काही आतून पोकळ पेल्यासारखे, अंगावर पायऱ्या-पायऱ्यांच्या रेघा. आमच्या एम-३० साखरेच्या दुपटीएवढे. मी सतरा वर्षं चाळणीवर साखरेचा दाणा बघतोय. स्फटिकाची वाढ बघून मला तिथं उठावंसंच वाटेना.

हा दाणा कसा होतो ते समजून घेणं मला सोपं गेलं. आमच्याकडं पॅनमध्ये पाक संपृक्ततेच्या पुढं नेतात, त्यात बारीक बी सोडतात आणि त्या बियांवर साखर चढत जाते. इथं पाकाऐवजी वाफ असते. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ थोडा, समजा अर्धा मीटर. खालची जमीन शून्याच्या आसपास ऊबदार, वरचं आभाळ निरभ्र, रात्री पृष्ठभाग उणे बारा-पंधरापर्यंत उतरतो. एवढ्याशा जाडीत एवढा फरक. दर दहा सेंटिमीटरला एक अंशाच्या वर फरक गेला की खालच्या दाण्यांची वाफ होते, वर सरकते आणि वरच्या दाण्यांच्या बुडाशी पुन्हा गोठते. दाणा मोठा होतो, कोनदार होतो आणि शेजाऱ्याशी असलेला सांधा गमावतो. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्ले कलान म्हणतात. ते दिवस कोरडे आणि कडक गेले की बर्फाच्या तळाशी हा माल तयार होतो, मग वर कितीही बर्फ पडो.

उलटंही घडतं. फरक कमी झाला की दाणे गोल व्हायला लागतात आणि एकमेकांना चिकटतात, जशी दमट गोदामात पोत्यातल्या साखरेची ढेप होते. आम्ही थर्मामीटर दर दहा सेंटिमीटरवर खुपसला. जमिनीशी उणे अर्धा, वर उणे आठ. आता बर्फ जाड होता, म्हणून दर दहा सेंटिमीटरला अंशाच्या तीनपंचमांशापेक्षा थोडाच जास्त फरक. याचा अर्थ साखर बनणं थांबलंय, आणि बनलेली साखर हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबानं, धरायला लागेल. आमच्याकडं आठवडे नव्हते, तीन दिवस होते.

मेहुणा इतका वेळ गप्प बसून भिंत बघत होता. तो म्हणाला, "स्लॅब म्हणत्यात ते काय हे आत्ता कळलं. वर पाऊण मीटरचा स्लॅब घातलाय आणि खाली सेंट्रिंगच्या जागी साखर भरलीय." याहून नेमकं मला कुणाकडून ऐकायला मिळालेलं नाही. सैल बर्फ घसरला तर एका ठिपक्यापासून खाली पसरत जातो. स्लॅब मात्र आख्खा सुटतो, वर सरळ रेघ मारल्यासारखा तुटतो, आणि आपण त्याच्या कडेला नसतो, मधोमध उभे असतो.

मग चाचण्या. पहिली दाबाची : तीस बाय तीस सेंटिमीटरचा खांब चारी बाजूंनी मोकळा करायचा, वर फावड्याचं पातं ठेवायचं, त्यावर मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा थापा मारायच्या. चौदाव्या थापेला, म्हणजे कोपरातून चौथ्या, पपडीखाली खांब एकदम खचला. दुसरी रुंद खांबाची : नव्वद सेंटिमीटर रुंद, तीस खोल, थापा फक्त एका टोकाला. इथं तडा पडतो का यापेक्षा तो पळतो का, हे बघायचं असतं. पंधराव्या थापेला तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत क्षणात गेला आणि पाऊण मीटर जाडीचा आख्खा ठोकळा उस्तादांच्या मांडीवर येऊन आदळला.

कुणी काही बोललं नाही. उस्ताद उठले, तीस मीटर बाजूला गेले आणि तिथं दुसरा खड्डा खणायला लागले.

दुसऱ्या खड्ड्यात तळाशी झुडपं आणि दगड निघाले, साखरेचा थर जेमतेम पंधरा सेंटिमीटरचा. तीसच्या तीस थापा पडल्या. खांब तसाच उभा.

भाचा लगेच म्हणाला, "मामा, एक-एक झालं. बरोबरी." त्याचा तो उत्साह मला समजत होता, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. प्रयोगशाळेत दोन नमुने वेगळे आले तर मी सरासरी काढतो. उस्तादांनी वही माझ्याकडून घेतली आणि पहिल्या खड्ड्याच्या आकड्याभोवती गोल केला. ते म्हणाले, हा उतार एका पोत्यातली साखर नाही, इथं दर चार पावलांवर माल बदलतो. दुसऱ्या खड्ड्यानं एवढंच सांगितलं की त्या जागी तो थर पातळ आहे. पहिल्यानं सांगितलं की जिथं जाड आहे तिथं तो सुटतो आणि पळतो. तुम्ही उतरताना जाड कुठं आणि पातळ कुठं हे तुम्हाला वरून दिसणार आहे का? खड्डा खणायचा तो न जाण्याचं कारण सापडतंय का हे बघायला. जायची परवानगी त्यातून मिळत नाही.

रात्री नून चहा, म्हणजे मिठाचा चहा, पिताना मी हे तीनदा लिहून काढलं. मला ते पटलं होतं, पण आवडलं नव्हतं.

दिवस चौथा : माघार

आभाळ असं निळं की डोळे दुखावेत. वारा पडलेला. बुलेटिन पुन्हा तीन. ठरलं असं की धारेच्या बाजूनं, कमी उतारानं वर जाऊन त्या छत्तीस अंशांच्या उताराच्या माथ्याजवळ पोचायचं आणि तिथं बघून निर्णय घ्यायचा. खरं तर निर्णय काल खड्ड्यात झाला होता. "तिथं जाऊन बघू" म्हणताना आपण स्वतःला एक पळवाट ठेवत असतो, हे मला आज कळतंय.

अकराच्या सुमाराला एका जवळपास सपाट पठारावर, वीस-वीस पावलांचं अंतर राखून चालत होतो. उस्ताद पुढं, त्यांच्यामागं डॉक्टर. अचानक पायाखालून आवाज आला. भरलेलं पोतं उंचावरून लाकडी फळ्यांवर पडावं तसा, दबका आणि जड. त्याच क्षणी आख्खं पठार आमच्यासकट बोटभर खाली बसलं. माझ्या स्कीच्या टोकापासून एक तडा निघाला आणि दहा-बारा मीटर धावत गेला.

याला वुम्फ म्हणतात. खालचा साखरेचा थर ढासळतो, त्यातली हवा बाहेर पडते, आणि ते ढासळणं आपल्यापासून दूरवर पसरत जातं. सपाटीवर होतो म्हणून काही घसरलं नाही. पण हेच ढासळणं पळत जाऊन शेजारच्या खड्या उताराच्या पायथ्याशी पोचलं तर तो उतार वरून सुटून आपल्यावर येऊ शकतो. आपण उतारावर असायलाच हवं असं नाही. बर्फ तोंडानं बोलावा तितकं हे स्पष्ट असतं. कालच्या दोन खड्ड्यांचा वाद त्या एका आवाजानं मिटवला.

तरीही भाचा म्हणाला, "माथा तर बघून येऊ की. दोन हजार किलोमीटर आलोय मामा."

मी गप्प राहिलो. ते गप्प राहणं इथं नोंदवून ठेवतो. रजा, पाळ्या, पैसे, वर्षभर मोबाइलवर जपलेला फोटो, सगळं एकदम डोक्यात आलं. बर्फाबद्दल मला जेवढं कळत होतं ते त्या क्षणी कमी नव्हतं, पण तोंड उघडलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "मी नाही म्हणतेय." एवढंच. निघण्याआधी आमचा नियम ठरला होता, चौघांतल्या एकाचंही नाही पुरेसं, कारण विचारायचं नाही, मतदान घ्यायचं नाही. तो नियम त्यांनीच सुचवला होता. ऑपरेशन सुरू होण्याआधी थिएटरमधल्या कुणालाही थांबा म्हणता येतं, तिथं मोठा-लहान नसतो, तसंच इथं. आम्ही वळलो. आल्या मागावरूनच, एकेक करून.

इयन मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकानं शेकडो हिमस्खलन-अपघातांच्या नोंदी तपासून दाखवलं आहे की बऱ्याच ठिकाणी धोक्याच्या खुणा उघड्या डोळ्यांना दिसत होत्या, आणि माणसं तरी गेली. ओळखीची जागा, ठरवलेलं पुरं करायची जिद्द, जाणकारावर टाकलेला भार, आधी गेलेल्यांचे माग, ताजा बर्फ दुसऱ्यांनी आधी उतरण्याची धास्ती. त्या पठारावर मी स्वतःला यातल्या तीन ठिकाणी उभं असलेलं बघितलं.

दिवस पाचवा : जंगल

बाबा रेशीच्या दर्ग्याच्या बाजूचं जंगल. उस्तादांनी पंचवीस अंशांच्या आतले उतार निवडले आणि प्रत्येक ठिकाणी आधी वर मान करून बघितलं. झाडं आहेत म्हणून निर्धास्त राहायचं नसतं. वरून खडा उतार जंगलात उतरत असेल तर झाडंच माणसाला चिरडायला कारण होतात. त्या दिवशीचा बर्फ गुडघ्यापर्यंत, पिठासारखा, आणि झाडांमधून उतरताना चौघांचेही हसण्याचे आवाज मला अजून ऐकू येतात. दर्ग्याजवळ गरम गिरदा रोटी आणि चहा. या सगळ्या सहलीतला सर्वांत आनंदाचा दिवस हाच, आणि तो आम्ही कमी उतारावर घालवला.

परत येताना मोकळ्यावर आलो तर समोर अफरवट. भाच्यानं दुर्बीण लावली आणि नुसती माझ्या हातात दिली. आमच्या उतारावर तीन सुंदर, वळणावळणांचे माग होते. माथ्यापासून पायथ्यापर्यंत. तडा नाही, काही सुटलेलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्यात मोकळं भांडण झालं. भाच्याचं म्हणणं सरळ होतं : ते गेले, आले, काही झालं नाही, मग आपण चुकलो. मला उत्तर द्यायला वेळ लागला. ते तिघं ज्या रेघेनं उतरले तिथं साखर पातळ असेल. किंवा त्यांचं वजन स्लॅबच्या जाड भागावर विभागलं गेलं असेल, आणि चौथा माणूस कडेच्या पातळ भागावरून गेला असता तर तोच उतार सुटला असता. उतार सुटला नाही यावरून तो भक्कम होता असं म्हणता येत नाही. आणि याच डोंगरातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की चुकीचा निर्णयसुद्धा बहुतेक वेळा सुखरूप घरी आणतो, त्यामुळं माणूस चुकीचंच शिकत जातो. भाच्याला हे त्या रात्री पटलं नाही. मेहुण्यानं मध्ये एकच वाक्य टाकलं, "सेंट्रिंग लवकर काढलेले लई स्लॅब उभेच हायत गावात. म्हणून मी काढत न्हाई."

दिवस सहावा आणि सातवा : परत

सकाळी पुन्हा बीकनचा सराव, या वेळी खऱ्या बर्फात, मीटरभर खोल. शोधायला दोन मिनिटं, खणायला सात. खणणं हेच जड काम, हे गुऱ्हाळावर कळणं शक्य नव्हतं. एकापाठोपाठ एक, व्हीच्या आकारात उभं राहून माल मागं ढकलत न्यायचा आणि पुढच्याची पाळी दर मिनिटाला बदलायची, हे आम्ही चारदा केलं, हातांना फोड येईपर्यंत. मग टंगमर्ग, श्रीनगर, दिल्ली, पुणं. पहाटे कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा उसाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यावरून चालली होती. दुपारच्या पाळीला मी प्रयोगशाळेत हजर होतो.

रविवारी सैनिक टाकळीला गेलो. काकांनी वही मागितली आणि चष्मा लावून थरांचे आकडे एकेक करून वाचले. चौदा, पंधरा यांवर बोट ठेवून विचारलं, "आणि दुसऱ्यात तीस?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "चौदाचंच खरं धरलंत नव्हं?" भाचा शेजारी बसला होता, त्यानं मान डोलावली.

पंधरा दिवसांनी उस्तादांचा फोन आला. ते त्याच जागी, आमच्या पहिल्या खड्ड्यापासून दोन पावलांवर पुन्हा खणून आले होते. साखर अजून तिथंच आहे, पण दाण्यांच्या कडा बोथट व्हायला लागल्यात, ओंजळीत घेतले तर थोडे धरतात. या खेपेला रुंद खांब बाविसाव्या थापेला तुटला, आणि तडा अर्ध्यातच थांबला. मी वही काढली आणि आमच्या आकड्यांखाली तारीख घालून बावीस लिहिलं.